कापसात पुरलेले गंज

चोरीच्या तक्रारी नोकरीत इतक्या लिहून घेतल्या की बहुतेक विसरून गेलो. तेरवीची, म्हणजे तेराव्याच्या गावजेवणाची, भांडी चोरीला गेल्याची तक्रार मात्र एकदाच आली, आणि ती आठवली की आजही हातातलं काम आपोआप थांबतं. नावं कुणाचीच सांगणार नाही. गाव लहान आहे आणि त्यातली बरीचशी माणसं हयात आहेत.

मी तेव्हा तेल्हाऱ्याच्या बाजूला ठाणेदार होतो. कापूस घरात येण्याचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच नुकतंच डोकं भादरलेला एक शेतकरी ठाण्यात आला. त्याचा धाकटा भाऊ अचानक वारला होता. भाऊ ऑटो चालवायचा. मागे बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. तेरवी तोंडावर आलेली, पाच गावांना निरोप गेलेले, आणि देवळाच्या खोलीत ठेवलेली गावजेवणाची सगळी भांडी गायब. कुलूप मात्र शाबूत.

ठाणे अंमलदारानं मालाचं वर्णन विचारलं.

"आमच्या बाबाचा मोठा गंज," तो सांगू लागला, "पुजाऱ्याच्या आजाची कढई, मंग सुताराच्या बापाचा गंज..."

गंज म्हणजे वरण शिजवायचं भलंमोठं पातेलं. घरातलं मोठं माणूस गेलं की त्याच्या नावाचं एक भांडं देवळाला द्यायची त्या गावची पद्धत. काठावर नाव कोरलेलं असायचं. त्यामुळे भांडं किती किलोचं हे कुणालाच ठाऊक नाही, सगळी भांडी गेलेल्या माणसांच्या नावानं ओळखली जायची. अंमलदार वैतागला. मी म्हटलं, लिही बाबा, सांगतात तसंच लिही.

खोलीची किल्ली गावच्या आचाऱ्याकडे असायची. कुलूप न तुटता चोरी झाली की पोलिसांचा पहिला हात किल्लीवाल्याच्या खांद्यावर पडतो. त्याला चौकशीला बोलावलं. किल्ली कुणाला दिली? आठवत नाही. खोली शेवटची कधी उघडली? आठवत नाही. मी आवाज चढवून पाहिला, चहा पाजून पाहिला, पण म्हाताऱ्याचं पालुपद काही बदलेना. शेवटी कंटाळून म्हणालो, आज घरी जा, उद्या परत ये. तर हा गृहस्थ बाकावरून उठेचना!

"मले इथंच बसू द्या ना साहेब. तेरवी होऊन जाऊ द्या, मंग जातो."

"काहून रे बाबा?" मीही त्याच्याच बोलीवर आलो.

"घरी गेलो त सैपाक करा लागन."

ठाण्यातून सुटायला धडपडणारे हजार पाहिले होते, ठाण्यात राहायला धडपडणारा हा पहिलाच. त्यातून ज्याचं पोट तेरव्यांवर चालतं तोच तेरवीला भीत होता. पाणी कुठंतरी मुरतंय एवढं कळलं, कुठं ते कळेना.

संध्याकाळी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. "आचाऱ्याले सोडा साहेब. त्याचा काई दोष नाई. गंज गावाबाहेर गेलेच नाईत. ज्याचे त्याच्या घरी गेले." मी नाव विचारलं आणि फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी एक महिला शिपाई सोबत घेऊन गावात गेलो. आधी दुखवट्याच्या घरी. दारात ऑटो उभा होता, आरशाला अजून एक वाळका हार लटकत होता. मोठ्या भावानं तेरवीच्या खर्चासाठी त्या ऑटोला अकोटचं गिऱ्हाईक ठरवून ठेवलं होतं. धाकट्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिनं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं देतो.

"मयतीले काई जास्त लागलं नाई साहेब. लाकडं गावानं आनली, घरटी एक. बांबू वावरातला. कापड माह्या भावानं आनलं. मानूस मातीले गेला तवा काईच गेलं नाई घरातून. आता पाच गावं जेवाले येऊन राह्यले, त ऑटो चालला."

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"माह्यं कोन इचारते? मी चालवाले शिकली असती. पोरीची शाळा त्याच्यावरच हाय."

पोलीस म्हणून मी पुष्कळ मयती जवळून पाहिल्या आहेत. लाकूड, कापड, बांबू यांनी कुणाचं घर बुडत नाही. बुडवते ती नंतरची पंगत. आणि ती ठरते अशा वेळी, जेव्हा घरच्या माणसाला धड रडायलाही उसंत नसते. चार मोठी माणसं ओसरीवर बसून ठरवतात आणि आतल्या बाईला नुसतं कळवतात.

शेजारच्या घरी एक आजी होत्या. त्यांना सहज विचारलं, "तुमच्या सासऱ्यांच्या नावाची कढईही गेली म्हणे?"

"गेली असन," आजी म्हणाल्या. पण त्यांची नजर आतल्या खोलीकडे जाऊन झटकन परत आली. खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली. फोनवरचं वाक्य त्या क्षणी माझ्या डोक्यात वाजलं: ज्याचे त्याच्या घरी गेले. शिपाईबाईला म्हटलं, हात घाल. तिचा हात कोपरापर्यंत कापसात गेला आणि आतून ठण्ण असा आवाज आला.

"आजी, याला चोरी म्हणतात."

"माह्या सासऱ्याची कढई मी माह्या घरी आनली. चोरी कशी होईन, तूच सांग बाप्पा!"

कायद्याची सगळी कलमं मनातल्या मनात चाळली, एकही धावून येईना. घरोघर फिरलो. प्रत्येक घरात कापूस, प्रत्येक कापसात त्या घरच्याच माणसाच्या नावाचं भांडं. किल्ली बायांनी मागितली होती, आचाऱ्यानं दिली होती. स्वतःच्या रोजीवर पाणी सोडून तो ठाण्यात मुका बसला होता. भाड्यानं भांडी आणली तर काय कराल, असं एकीला विचारलं. "आनू द्या. पोया लाटाले कोन येते पाहू," ती म्हणाली. ज्या गावात कुणाच्या घरी भाजीला फोडणी कसली पडली हे सगळ्यांना कळतं, तिथं अख्ख्या गावाची भांडी जागची हलली आणि आचारी सोडला तर एकाही पुरुषाला पत्ता नव्हता! मी थक्क झालो. असा बंदोबस्त मला माझ्या अख्ख्या पोलीस पार्टीकडून कधी करून घेता आला नाही.

एकच भांडं राहिलं होतं, सगळ्यात मोठं. तक्रारदाराच्या बापाचा गंज. तक्रारदाराला घेऊन त्याच्याच घरी गेलो. त्याची बायको दारात आली आणि "या साहेब" म्हणाली. कालचा फोनवरचा आवाज! मी काही विचारण्याआधीच ती आत गेली, दोन्ही हातांनी कापूस उपसू लागली आणि माणूस बसेल एवढा तो गंज वर आला.

"तू?" नवऱ्याच्या तोंडून एवढंच निघालं.

"हो, मीच. सासऱ्याच्या तेरवीत माह्या पाटल्या गेल्या, मी काई बोलली नाई. पन ह्या गंजात माह्या जावेचा ऑटो मी शिजू देनार नाई."

मला वाटलं, आता हा माणूस हात उगारणार. मी एक पाऊल पुढेही झालो. पण तो उंबऱ्यावर मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "माह्या भावाले मी कमी केलं, अशे म्हणतीन ना लोकं," तो म्हणत होता. त्यात ढोंग नव्हतं. भावावर त्याची खरोखर माया होती, फक्त ती दाखवायची एकच रीत त्याला कुणीतरी शिकवली होती. थोड्या वेळानं डोळे पुसून त्यानं तक्रार मागे घेतली. अकोटच्या गिऱ्हाइकालाही त्यानं स्वतःच फोन करून नाही म्हणून कळवलं.

तेरवी घरातल्या घरात झाली. बायांनी आपापल्या घरून भाकरी आणल्या. आचारी मग कुठे ठाण्यातून हलला, तेही माझ्याकडून अजून एक चहा उकळून.

काही महिन्यांनी बीट जमादारानं सांगितलं की भांडी देवळात परत आली आहेत, राखेनं घासून लख्ख केलेली, आणि त्यांत एक नवीन आहे. लहानसा गंज, घरचे आणि शेजारचे जेवतील एवढाच. काठावर ऑटोवाल्याचं नाव. त्याच्या बायकोनं ऑटोच्या कमाईतून दिलेला. तेव्हापासून त्या गावात गरीब असो की बागायतदार, तेरवी त्याच गंजात शिजते.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. मयतीनंतरचा खर्च आवरायला हिंमत लागते, आणि ती एकट्या घराला पेलत नाही. लाकडं घरटी एक येतात तशी ती गावानं वाटून आणावी लागते.

निवृत्तीनंतर मी अकोल्यात जठारपेठेत राहतो. गेल्या हिवाळ्यात निरोप आला की तो तक्रारदार वारला. तेरवीला गेलो. तेल्हाऱ्याच्या स्टँडवर उतरलो तर समोर तोच ऑटो, आणि चालवणारी तीच. "बसा साहेब, मीबी तिकडंच चालली," ती म्हणाली. भाड्याचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

अंगणात मोजकीच माणसं होती. चुलीवर लहान गंज होता. तक्रारदाराची बायको स्वतः वाढत होती. माझ्या पानात वरण वाढायला ती वाकली.

"जाताना सांगून गेले साहेब," ती म्हणाली, "बाबाचा गंज काढू नको म्हने. माह्या भावाचाच काढ."