तांदळाच्या डब्यातला फोन

बाबा गेल्यावर आईने खुंटीवरचा त्यांचा शर्ट भिजत घातला. खिशात फोन होता, आणि बाबांचा आवाज आता तेवढ्या फोनमध्येच उरला होता. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि म्हणाला, "आत गंज चढलाय, आता नाही चालू व्हायचा." तरी आईने तो तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला. रोज भाताला तांदूळ काढताना ती फोन पुसते, बटण दाबून धरते आणि म्हणते, "अजून ओल असेल गं आत."

बाबांच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्ही निमूट मान हलवली. माणसाला इतकी मुदत कुणी देत नाही.

काल तांदूळ संपला. नवा आणला, तर आईने आधी फोन तळाशी ठेवला आणि त्यावर ओंजळीओंजळीने तांदूळ सोडला, मूठमाती देतात तसा.