बिगर वरकड

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत कळलं नाही, पुढे शाळाच नव्हती. ही वही कुणी उघडलीच तर त्याने चुका पोटात घालाव्यात. चाचांनी घातल्या नसत्या. त्यांनी आधी वहीचं कव्हर काढलं असतं, आत काय झाकलंय ते बघायला.

त्यांना सगळे ‘उतरवा चाचा’ म्हणत. बारामतीत त्यांचं जुन्या सामानाचं दुकान होतं. ट्रॅक्टर, मोटारी, आमच्या इंदापूरकडच्या होड्या, काहीही ते विकून देत. वस्तू समोर आली की पहिला शब्द ‘उतरवा’. ट्रॅक्टरचा टप उतरवा, जीपची गादी उतरवा. उघडी केल्याशिवाय ते किंमत बोलत नसत. नवा रंग दिसला की नखाने खरवडून विचारत, “ह्यो कधी दिला? का दिला?” आणि भाव ठरेपर्यंत विकणाऱ्याच्या घरचा चहा घेत नसत. मला वाटायचं, ज्याला जगात सगळीकडे खोट दिसते त्याच्याच मनात काहीतरी असणार.

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना होडीतून फिरवायचे. साधी फायबरची होडी आणि मशीन. मग कुणीतरी डोक्यात भरवलं की सजवलेल्या होडीला गिऱ्हाईक जास्त. शेळगावच्या माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, म्हैस विकून सत्तर हजार दिले. त्यातून छत झालं, फोमच्या गाद्या, रंगीत दिवे, दोन मोठे स्पीकर आणि जीपचं स्टिअरिंग. पुढच्याच वर्षी मालकांच्या मणक्याचं ऑपरेशन निघालं आणि होडीवर बसणं संपलं. आमचा हिशोब सरळ होता. होडी आणि मशीनचे पैसे दवाखान्याला, सजावटीचे सत्तर अक्काला. अक्का भावकीतल्या एका लग्नात सगळ्यांसमोर म्हणाली होती, “तुमच्या होडीत गाणी लागत्यात म्हनं. माझी म्हैस गाती का बघायला यावं म्हनते.” तेव्हापासून मी शेळगावला पाऊल टाकलं नव्हतं.

चाचा आले ते काठावर उकिडवे बसले. होडीचा तळ बोटाच्या पेराने वाजवत, कान लावत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. स्टिअरिंग फिरवून म्हणाले, “हे पान्यात चालवायचं का घाटात?” मग छताकडे बघून, “उतरवा.”

मी धीर करून म्हटलं, “चाचा, त्याचेच तर पैसे हायेत.”

“बाई, हितं येतंय कोन? फोटोवालं. त्याला वरती छत कशाला? ते तर आडवं पडून क्यामेरा लावतंय. आन स्पीकर वाजला की पक्षी पार पल्याड. गिऱ्हाईक ह्या सामानाचे पैसे कापून मागंल, वाढवून न्हाय.” गाद्या काढल्यावर खालची स्क्रूची भोकं त्यांनी एकेक मोजली. “सतरा. पानी आत यायला सतरा दारं करून ठिवलीत.”

एकाच ठिकाणी ते थांबले. गादीची शिवण दोन्ही हातांनी ताणून बघितली, उसवली नाही. “शिलाई कुनाची?” असं विचारलं. चोराला विचारावं तसं विचारलं. मी मान खाली घालून म्हटलं, “माझी.” ते पुढच्या गादीकडे वळले.

चार दिवसांनी फोटोवाल्यांना फिरवणारं एक गिऱ्हाईक त्यांनी आणलं. मालक अंथरुणावर, म्हणून कागदावर सही माझी. मी एकेक अक्षर लावून वाचलं: ‘होडी व मशीन बिगर वरकड विकली.’ वरकड म्हणजे कटकट असावी असं मला वाटलं. बिनाकटकटीची विक्री, चांगलंच की. विचारायची लाज वाटली आणि मी सही केली. पैसे रोख मिळाले, सगळे दवाखान्याला गेले. पण त्याच दुपारी चाचांनी छत, गाद्या, स्पीकर, दिवे, सगळं टेम्पोत भरलं आणि “हे माझ्याकडं” म्हणून निघून गेले.

मालक म्हणाले, “तितंच विचारायचं न्हाय का?” मला जन्मात तिथल्या तिथे विचारता आलेलं नाही.

पंधरा दिवस वाट बघून मी एसटीने बारामतीला गेले. रस्त्याच्या पलीकडून बघते तर आमचं छत त्यांच्या दुकानापुढे उभं, खाली सावलीला चाचा. त्यांनीच हाक मारली.

“आलात? मला वाटलं आठव्या दिवशी याल. येवढा भरवसा बरा न्हाय बाई.”

“चाचा, त्या कागदावर... वरकड म्हंजी काय?”

चाचा म्हणाले, “ठावं न्हवतं तर सही कशी केली? वरकड म्हंजी वरचं सामान. होडी येगळी विकली, वरकड येगळं विकायचं. होडीवर त्याला किंमत न्हाय, दुसरीकडं हाय.” मग गल्ल्यातून पुडकं काढलं. “हे स्पीकरचं. माळेगावच्या एका ऊसवाल्यानं ट्रॅक्टरला लावलं. आता त्याच्या बापाला झोप न्हाय. मोजा.”

मी मोजलं. मग पुन्हा मोजलं. त्यांना राग येईल असं वाटलं, तर ते पहिल्यांदाच हसले. “तिसऱ्यांदा मोजा. न मोजनाऱ्याची मला भीती वाटती.” आणि चहा मागवला.

पुढे गाद्या केशकर्तनालयात गेल्या, छत मोरगावच्या रस्त्यावरच्या रसवंतीला, दिवे कुठे गेले ते आठवत नाही. स्टिअरिंग कुणी घेतलं नाही. दरवेळी चिठ्ठीवर विकत घेणाऱ्याचं नाव आणि त्यांचं कमिशन लिहिलेलं असे. तरी मी एकदा त्या रसवंतीवर जाऊन खरा भाव विचारून आले. तोच निघाला. सगळे मिळून एकेचाळीस हजार झाले, ते मी अक्काच्या खात्यात भरले.

“सत्तरचं सत्तर येनार न्हायत,” चाचा म्हणाले. “बसवलं त्या दिवशीच अर्धं गेलं.” मग ट्रॅक्टरच्या दोन फाटक्या सीटा माझ्यापुढे टाकल्या. “ह्यांना कव्हर शिवा. शिलाई उसवली तर पैसे न्हायत.” त्या सीटांनंतर आणखी आल्या, गळीत हंगामात तर रोज. प्रत्येक शिवण ते ताणून बघत. वर्ष-दीड वर्षात एकदाही त्यांनी न ताणता माल घेतला नाही, आणि एकदाही पैसे अडकवले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. दुकान आता मुलगा बघतो, तो शिवण ताणत नाही. मीच ताणते आणि मग देते. त्यांच्यावर मी किती दिवस संशय घेतला ते त्यांना सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बरं केलंत.

मागच्या सोमवारी शिलाईतून साठवलेले, राहिलेले एकोणतीस हजार घेऊन शेळगावला गेले. अक्काने चहा ठेवला आणि नोटा तशाच कनवटीला लावायला लागली. मी तिचा हात धरला. म्हटलं, “मोज.” ती म्हणाली, “तुझ्याकडनं घेतलेलं मोजू व्हय?” मी म्हटलं, “व्हय.” ती पाटावर बसली, बोट ओलं करून एकेक नोट लावत गेली. शेवटची लावून म्हणाली, “बराबर हायेत. फिटलं.”