व्याह्यांची तीन रोपं

माझे सासरे गांजा लावणार आहेत, असं बायकोने मला नाश्त्याला सांगितलं तेव्हा मला ठसका लागला. ती त्यांची एकुलती एक मुलगी. तिला त्यांचं आश्चर्य वाटायचं केव्हाच बंद झालेलं आहे. मला मात्र वाटलं. कारण जर्मनीत घरी गांजा लावायला परवानगी देणारा कायदा येणार म्हटल्यावर याच गृहस्थांनी वर्षभर जेवणाच्या टेबलावर सरकारचा उद्धार केला होता.

मग कायदा झाला, आणि त्यांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढला. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. दुखण्याने रात्री डोळा लागत नव्हता आणि गोळ्यांमुळे संध्याकाळची बिअर बंद झाली होती. एका माणसाला तीन रोपं चालतात, ती लहान मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून कुलपात हवीत, हे त्यांना पाठ झालं. परवानगी आहे म्हटल्यावर ती गोष्ट व्यवस्थित केली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. चौथं रोप उगवलं असतं तर ते स्वतःच त्याला घेऊन पोलिसात गेले असते.

आम्ही इंगोलश्टाटला राहतो. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली सासरे. सासूबाई गेल्यापासून ते खाली एकटेच असतात. मी गाड्यांचे सेन्सर बनवणाऱ्या कंपनीत आहे, म्हणजे दिवसभर मोजमापच करतो. पण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या घरात मला कशाला हात लावायची मुभा नव्हती. कुंपण ते कापणार, ग्रिलवर कोळसा ते रचणार, ड्रिल मशीन कुठे असतं ते त्यांनाच ठाऊक. मी एकदा मोठ्या हौसेने भिंतीवर फळी ठोकली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर ती फळी दोन बोटं वर सरकलेली होती आणि तिच्यावर त्यांची पाणसळ ठेवलेली होती. ते एक शब्द बोलले नाहीत. फळीचा विषय अजून आमच्या घरात कोणी काढत नाही.

म्हणून ऑपरेशननंतर रेहासाठी, म्हणजे काही आठवडे व्यायाम-उपचारांच्या केंद्रात राहायला निघताना त्यांनी खालच्या वाशक्युखेची, म्हणजे कपडे धुण्याच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली, तेव्हा माझा ऊर भरून आला. खोलीत खिडकीशी दिव्याखाली तीन छोट्या कुंड्या होत्या आणि प्रत्येकीत बोटभर उंचीचं रोप होतं. दोन गोल पानं, त्यावर दोन कातरलेली. सासऱ्यांनी कुबडीवर रेलून मला पाठ दिला. माती आत दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी, तेही कडेकडेने, चार चमचे. बशीत पाणी साचता कामा नये. मी मान डोलावत होतो. ही तीन रोपं जगवली की फळीचं प्रकरण मिटलं, असा हिशोब मी मनात केव्हाच केला होता.

त्याच सुमारास पुण्याहून आई आली होती. आईला आमच्याकडे काही काम नसतं, आणि काम नसलं की तिचा जीव घुसमटतो. इस्त्रीचे कपडे ती दोनदा इस्त्री करते. आमच्या गॅलरीतली तुळस दर हिवाळ्यात मरते, त्यामुळे सकाळी आंघोळ झाल्यावर ती तांब्या घेऊन उगाच घरभर फिरायची. पाणी घालायचं तरी कशाला? शेवटी बेसिनमध्ये ओतायची आणि बेसिनलाच नमस्कार करून आत यायची.

कपडे धुवायला म्हणून मी तिला ती खोली दाखवली. कुंड्या बघून ती खूश झाली. "व्याह्यांनी झेंडू लावलाय वाटतं," म्हणाली. "थोडा लवकर लावला, पण चांगलंय. दसऱ्याला तोरण होईल." ती पानं खरंच झेंडूसारखी दिसत होती, आणि आईला तुझे व्याही गांजा लावतात हे कसं सांगायचं ते मला कळेना. सासऱ्यांची रोपं आहेत, एवढं बोलून मी विषय वॉशिंग मशीनकडे वळवला.

झालं. मी कामाला गेलो की आई किल्ली घेऊन खाली जायची. एरवी तिने दुसऱ्याच्या कुंडीकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण ही व्याह्यांची रोपं होती, आणि व्याह्यांच्या मानपानात कसूर झालेली आमच्या घराण्यात खपत नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात व्याह्यांच्या पंगतीत आईने स्वतः फिरून आग्रह केला होता, नको म्हणणाऱ्याच्या ताटात दोन जिलब्या जास्त. तोच आग्रह आता रोपांना सुरू झाला. घरात आपण असताना व्याह्यांची रोपं तहानलेली राहिली, असं कोणी म्हणायला नको होतं.

संध्याकाळी मी जायचो. दोन पेरं बोट आत घालून बघ, असं मला सांगितलं होतं, पण तेवढ्याशा रोपाशेजारी माझं बोट खांबाएवढं दिसायचं. मुळं तुटतील म्हणून मी वरूनच माती चाचपायचो. दिव्याच्या उबेने ती वरून कोरडी झालेली असायची. म्हणून चार चमचे पाणी. बशीत पाणी दिसायचं, पण वर दोरीवर ओले कपडे असायचे, तेव्हा ते ठिबकत असणार असं मी ठरवून टाकलं. मी सेन्सरवाला आहे हे पुन्हा सांगत नाही.

मग रोपांनी माना टाकल्या. पानं जड होऊन खाली वळली, पिवळट झाली. मला वाटलं, तहानली. आईलाही तेच वाटलं, हे मला नंतर कळलं. मी चाराचे सहा चमचे केले आणि तिने अर्ध्या तांब्याचा अख्खा तांब्या केला. जितकं पाणी घालावं तितकी ती जास्त लोळायला लागली. मातीवर हिरवट साय आली, चिलटं उडायला लागली. आणि एका संध्याकाळी पाहतो तर मधलं रोप मातीपाशी मऊ पडून आडवं झालेलं. मी त्याला काडीचा टेकू देऊन उभं केलं. ते काडीसकट आडवं झालं.

माझं जेवणावरून मन उडालं. रोपाचं दुःख होतंच, पण मला डोळ्यांपुढे दिसत होती ती पाणसळ. परत आल्यावर ते काही बोलणार नाहीत, किल्ली खिशात घालतील आणि पुढची वीस वर्षं मला कशालाही हात लावू देणार नाहीत. बायको म्हणाली, सरळ फोन करून विचार. मी म्हणालो, नाव काढू नकोस. काहीतरी कीड पडली असं सांगायचं मी मनात घोळवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी कामावर जायच्या आधीच खाली उतरलो. दार उघडंच होतं. आत आई, ओले केस, कपाळाला कुंकू, तांब्यातून बारीक धार धरून पाणी घालत होती. तिन्ही कुंड्यांना घातलं, मेलेल्यालाही. मग हात जोडले.

"आई, रोज घालतेस?"

"मग? तू तर ढुंकूनही बघत नाहीस."

मी कपाळाला हात लावला. मग आता लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तो झेंडू नाही हेही सांगून टाकलं. आई कपड्यांच्या टोपलीच्या झाकणावर बसली. 

"भांग?"

"त्याच जातीतली. गुडघ्यासाठी. झोप लागत नाही त्यांना."

"आणि तू मला झेंडू म्हणू दिलंस. मी सुनेच्या मैत्रिणीला दसऱ्याचं तोरण कबूल करून बसले."

व्याही गांजा लावतात याचं तिला फारसं काही वाटलं नाही. दुखणं आहे तर औषध नको का, म्हणाली. तिला लागलं ते वेगळंच. आपल्या पाण्याने रोप मेलं, हे तिला पटेना. आयुष्यभर तिने कोणाला काही द्यायचं म्हणजे भरपूरच दिलं होतं. त्याने कोणाचं वाईट झालेलं तिने पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा इतका उतरला की मी कीड पडल्याचं सांगायचा बेत तिला ऐकवला. तिने तो जागच्या जागी मोडीत काढला.

"त्यांची रोपं आहेत. त्यांना फोन लाव."

"ते मला परत कधी काही देणार नाहीत."

"नाही देणार तर नाही देणार. लाव फोन."

मी व्हिडिओ कॉल लावला. सासरे रेहातल्या कॉफीच्या टेबलावर होते. मी सगळं सांगितलं, तांब्यासकट. मग आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि शुद्ध मराठीत म्हणाली की अहो व्याही, चूक माझी आहे, पोराला बोलू नका. सासऱ्यांनी बव्हेरियनमध्ये काहीतरी उत्तर दिलं. ही दोघं पहिल्यापासून अशीच बोलतात आणि मध्ये कोणी भाषांतर केलेलं त्यांना आवडत नाही.

"आल्झो, तर मग," ते मला म्हणाले. "कुंडी उचल."

मी उचलली. तेवढीच दुसरी कुंडी घे, कोरड्या मातीने भर, ती दुसऱ्या हातात घे, म्हणाले. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणू का, असं विचारलं. नाईन, काटा नको, हाताने. दोन्ही हातात कुंड्या धरून मी उभा राहिलो आणि मला ठार काही कळेना. आईने त्या माझ्याकडून घेतल्या. एक खाली, एक वर, असं दोनदा केलं.

"म्हणजे सिलिंडरसारखं," ती म्हणाली.

मी सासऱ्यांना समजावलं की आमच्याकडे गॅस किती उरलाय ते बायका सिलिंडर उचलून ओळखतात, आणि आई तर नुसतं हलवून किती दिवस पुरेल ते सांगते. सासरे फोनमधून पुढे वाकले. "गेनाऊ," ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. त्यांच्या तोंडून हा शब्द मला उद्देशून कधी आलेला मी ऐकला नव्हता.

पुढचं काम अवघड होतं, कारण काहीच करायचं नव्हतं. बशा रिकाम्या केल्या, खिडकी किलकिली ठेवली, ओले कपडे बाहेर हलवले. मग वाट बघायची. आई आंघोळ करून तांब्या घेऊन खाली जायची, कुंडी उचलायची, "अजून जड आहे" म्हणायची आणि तांब्या कुंपणाच्या झुडपांना ओतून यायची. रिकाम्या हाताने परत येणं तिला किती जड जात होतं ते मला दिसत होतं. शेवटी एकदा मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना तिचा फोन आला. हलकी झाली, म्हणाली. मी घरी येईपर्यंत थांब, असं मी सांगितलं, पण कोण थांबतंय? तिने देवातली पळी घेतली आणि कडेकडेने पळी पळीने पाणी घातलं. मेलेलं रोप काढून त्या मधल्या कुंडीत तिने फडताळातले धणे रगडून पेरले.

सासरे घरी आले ते कॉफीलाही न बसता कुबडीसकट खाली गेले. मी मागोमाग. दोन रोपांना आता पंजासारखी पाच बोटांची पानं आली होती आणि मधल्या कुंडीत कोथिंबीर तरारली होती. त्यांनी दोन्ही कुंड्या उचलून पाहिल्या. कोथिंबिरीचा वास घेतला. मी किल्ली काढून पुढे केली. मनात फळीची तयारी केलीच होती.

त्यांनी ती घेतली नाही.

"तिन्ही मरतील असं मला वाटलं होतं," ते म्हणाले. "बियाणं वर कपाटात अजून आहे. पण तू फोन केलास. याआधी इतक्या वर्षांत तू मला कधीच काही विचारलं नव्हतंस. फळीच्या वेळीसुद्धा नाही. मी शेजारच्या खोलीतच बसलो होतो."

सगळं एकट्याने करून दाखवायच्या नादात मी या माणसाला इतकी वर्षं पलीकडच्या खोलीत बसवून ठेवलं होतं, आणि वर त्यांच्याच नावाने खडे फोडत होतो. काहीतरी करावं म्हणून मी तिथली पळी उचलली, पाण्यात बुडवली आणि जवळच्या कुंडीकडे वळलो.

"जड आहे," आई दारातून म्हणाली.

"श्वेअर," सासरे त्याच क्षणी त्यांच्या भाषेत तेच म्हणाले.

आणि दोघांनीही पळी घ्यायला माझ्याकडे हात पुढे केला.