पिंपळ वठला, टाकी आटली

आमची पलटण बर्फावर चढली तेव्हा गिरणी संप सुरू होऊन पाच वर्षं झाली होती. पोस्टवर आम्ही चौदा जण. त्यात मुंबईचे दोन. एक मी, नाईक दत्ताराम. दुसरा लान्स नाईक रमाकांत, माझ्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ.

निघताना सुनंदा आम्हाला सोडायला दादरला आली होती. गाडी सुटायच्या आधी म्हणाली, "दोघं जाताय, दोघं या. एकट्याने दारात येऊ नका."

मी गंमत म्हणून सॅल्यूट ठोकला. ती हसली नाही.

मी सातवी पास. मंडळाच्या पोरांनी स्मरणिकेसाठी दोन पानं मागितली म्हणून लिहितोय. त्यांचा प्रश्न असा होता: काका, टीव्हीवरच्या परदेशी संघांचा आम्हाला राग येत नाही, लांबच्या कुठल्या संघाचा येत नाही, मग पिंपळवाल्यांचाच एवढा का येतो? मला भाषण येत नाही. झालं ते सांगतो.

लालबागला आमच्या दोन चाळी समोरासमोर. मध्ये पाच फुटांची भिंत. आमच्या अंगणात पाण्याची मोठी टाकी, म्हणून आम्ही टाकीवाले. त्यांच्या अंगणात पिंपळ, म्हणून ते पिंपळवाले. आसपास सगळीकडे कबड्डी. या दोन चाळींत फुटबॉल. कुणी आणला ते म्हाताऱ्यांनाही माहीत नव्हतं. गिरणीच्या मागच्या पटांगणात पावसाळाभर चिखलात खेळायचो.

कुलाब्याकडचा एखादा संघ यायचा, पाच गोल मारून जायचा. आम्ही टाळ्या वाजवायचो, त्यांना चहा पाजायचो. पिंपळकडून एका गोलने हरलो तर माझी आई भाकरी वाढताना बोलायची नाही. लांबचा जिंकून लांब जातो. पिंपळवाला जिंकून समोरच्या गॅलरीत दात घासत उभा राहायचा. आमच्या घरात बांगडा तळला की सुका बोंबील, ते त्याला वासावरून कळायचं.

भिंतीवरून एक हाक होती. आम्ही ओरडायचो, "पिंपळ वठला!" तिकडून उत्तर यायचं, "टाकी आटली!" पहिली हाक कुणीही द्यावी, उत्तर आलंच पाहिजे. ताप असो, सुतक असो. उत्तर न देणं म्हणजे हरणं. माझं लग्न ठरलं तेव्हा पिंपळवाले महिनाभर सुनंदाच्या बापाशी बोलले नाहीत. मुलगी टाकीत दिली म्हणून. हळदीच्या दिवशी मी भिंतीवरून हाक दिली तर उत्तर नवरीने दिलं.

संपाच्या वर्षी चाळी रिकाम्या झाल्या. माणसं कोकणात गेली, काही रे रोडला लाकडाच्या वखारीत हमालीला लागली. श्रावणात आमची वार्षिक मॅच. मी टाकीचा कॅप्टन. आमचे नऊ जण जमले. पिंपळचे सात. त्यांचा कॅप्टन रमाकांत, तेव्हा मिशीसुद्धा नीट फुटलेली नव्हती. कुणी तरी म्हणालं, दोन्ही मिळून एकच संघ करा. दोन्हीकडून शिव्या बसल्या.

मी आमचे दोन जण बाहेर बसवले. सातास सात. कुणाला विचारलं नाही. पिंपळवाले एक शून्यने जिंकले. गोल रमाकांतचा. माझ्या बापाने चार दिवस मला दारात उभं केलं नाही. दोघं का बसवलेस, असं तो रोज विचारायचा, मला धड सांगता आलं नाही.

पुढल्या दोन वर्षांत आम्ही दोघंही भरतीला उभे राहिलो. गिरणी नाही, मग दुसरं काय करणार? योगायोगाने एकच पलटण, एकच कंपनी. कंपनीच्या फुटबॉल टीममध्ये मी स्टॉपर, मागे बचावाला, तो लेफ्ट आउट, पुढे डाव्या कडेला. मी त्याला पास द्यायचो नाही, तो मला द्यायचा नाही. आमचे हवालदार शेळके, साताऱ्याकडचे. त्यांनी एक दिवस आमचे हात पट्टीने एकत्र बांधले आणि मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या.

"काय भांडण हाय तुमचं?" शेळके म्हणाले.

"साहेब, हा पिंपळवाला," मी म्हणालो.

"आणि हा टाकीवाला," रमाकांत म्हणाला.

"मला वाटलं जमिनीचा वाद हाय. आणखी पाच फेऱ्या."

पोस्टवरचं रुटीन सांगतो. पहाटे चारला उठणं. बर्फ वितळवून पाणी. ड्युटी दोन तास, आराम चार तास. आठवड्यातून दोनदा पुढच्या छोट्या पोस्टवर रॉकेल आणि रेशन पोचवायचं. पाच जण एका दोरीला बांधून चालायचो. बर्फात खोल भेगा असतात. वरून पातळ थर धरलेला असतो, दिसत नाहीत. त्यांना क्रेव्हास म्हणतात. एक पडला तर बाकीच्यांनी दोरी धरायची.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता निघालो. पुढे शेळके, मागे दोन जवान, मग मी, शेवटी रमाकांत. वारा नव्हता. दहा चाळीसला माझ्या कमरेला हिसका बसला आणि मी पाठीवर आपटलो. मागे पाहिलं. रमाकांत नव्हता. बर्फात टोपलीएवढं भोक होतं आणि दोरी त्यात गेलेली होती.

आम्ही चौघांनी खेचलं. दोरी हलेना. तो चाळीस फुटांवर दोन भिंतींच्या मध्ये छातीपर्यंत अडकला होता, आणि दोरी कडेच्या बर्फात रुतली होती. एकच दोरी. ती सोडून खाली उतरणं अशक्य. शेळके वायरलेस सेटवर पोस्टशी बोलले.

"अल्फा, मी ब्राव्हो. एक जवान क्रेव्हासमध्ये. जिवंत आहे. दुसरा रोप आणि पार्टी पाठवा. ओव्हर."

"ब्राव्हो, रोजर. पार्टी निघाली. दोन तास लागतील. त्याला झोपू देऊ नका. बोलता ठेवा. ओव्हर."

मी भोकाच्या कडेला पोटावर झोपलो. दोरी माझ्याच कमरेला होती. तो हलला की मला कळायचं.

सुरुवातीला तो बोलला. उजवा हात मोकळा आहे, पाय लागत नाहीत, म्हणाला. अकरा वीसला आवाज जड झाला. अकरा पस्तीसला बंद झाला.

मी नावाने हाक मारली. काही नाही. शेळके ओरडले, "लान्स नाईक रमाकांत! जवाब दो!" काही नाही. त्यांनी नंबर पुकारला, पलटणीचा जयघोष दिला. आमच्यातला मेलेला माणूसही त्या घोषाला उठेल असं मला वाटायचं. खालून काही आलं नाही. दोरी गप्प होती.

मग माझ्या तोंडून निघालं. विचार करून नाही.

"पिंपळ वठला!"

बर्फात आवाज घुमत खाली गेला. थोडा वेळ गेला. आणि अगदी खालून, झोपेतल्या माणसाचा यावा तसा आवाज आला.

"टाकी... आटली."

शेळके माझ्याकडे बघत राहिले. सतरा वर्षं सर्व्हिस झालेला माणूस. त्यांनी हातमोजा काढून डोळ्यांवरचा गॉगल पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "बोल. बोलत राहा. तेच बोल."

दर दोन मिनिटांनी मी हाक दिली. दर वेळी उत्तर आलं. स्वतःचं नाव त्याला ऐकू येत नव्हतं. हुकूम ऐकू येत नव्हता. भिंतीपलीकडची शिवी ऐकू येत होती. आज एवढ्या वर्षांनीही मला त्याचा अर्थ पुरता लागलेला नाही.

मध्ये त्याला जरा हुशारी आली. खालून म्हणाला, "भावोजी."

"बोल रे."

"संपाच्या वर्षी... दोघं का बसवलेत?"

चार दिवस बापाने विचारलं तेव्हा जे आलं नाही ते तिथे आलं. मी म्हणालो, "तुम्ही अर्धे उरलात तर आम्ही हरवायचं कुणाला, मेल्या?"

मी दोरी पकडून बसलो. मग आवाज आला, "नऊ असतात... तरी हरला असतात."

शेळके मोठ्याने हसले. मीही हसलो.

बारा पन्नासला पार्टी आली. एक जवान दुसऱ्या रोपवर खाली उतरला, कुऱ्हाडीने बर्फ फोडला. एक चाळीसला रमाकांत वर आला. डोळे उघडे होते. ओठ निळे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. स्ट्रेचरवर बांधून पोस्टवर आणायला तास लागला. नर्सिंग असिस्टंटने करता येईल तेवढं सगळं केलं. हेलिकॉप्टर मागवलं होतं, पण तीनला ढग खाली उतरले. पायलटने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा परत गेला.

मी त्याचा हात धरून होतो. चार वाजून दहा मिनिटांनी हाक दिली. उत्तर आलं नाही. असिस्टंटने नाडी बघायच्या आधी मला कळलं होतं.

त्याला घेऊन मीच आलो. सुनंदा दारात उभी होती. मी म्हणालो, "एकटा आलो." तेरावं झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं, आत्ता इथे लिहिलं तसं. तिने एकच विचारलं, "दोघं का बसवलेत त्याचं उत्तर त्याला दिलंत?"

"दिलं."

"आणि तो काय म्हणाला?"

मी सांगितलं. ती आधी हसली, मग रडली.

त्या वर्षी मॅच होती. मी रजेवर होतो, खेळलो नाही. पिंपळवाले दहाच उतरले. लेफ्ट आउटची जागा मोकळी. आमच्या कॅप्टनने ते पाहिलं. कुणाशी बोलला नाही. आमच्या एकाला बोट केलं आणि बाहेर बसवलं. दहास दहा खेळले. हाक चालू होती.

आता गिरणी नाही. तिथे टॉवर आहे. चाळीही गेल्या. पिंपळ खरंच नाही आणि टाकीही नाही. दोन्हीकडची माणसं अँटॉप हिल, वरळी, त्याच्याही पलीकडे पांगली. तरी वर्षातून एकदा भाड्याच्या टर्फवर मॅच होते. पहिली पाच मिनिटं दोन्ही संघ दहा जण खेळतात. नव्या पोरांना कारण माहीत नाही. विचारलं तर म्हणतात, आपल्यात असंच असतं.

सुनंदा दर वर्षी पिंपळच्या बाजूला बसायची, मी टाकीच्या. मॅच सुरू झाली की मी हाक द्यायचो आणि ती एकटी उत्तर द्यायची. नातवंडं हसायची.

ती गेल्या माघात गेली. हॉस्पिटलात शेवटचे तीन दिवस बोलत नव्हती. मी शेजारी बसून होतो. हाक ओठावर यायची. दिली नाही. उत्तर आलं नसतं तर काय केलं असतं? एकदा सोसलंय ते मी.

यंदाच्या मॅचला एकटा गेलो. टाकीच्या बाजूला बसलो. शिट्टी झाली. पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. हाक दिली नाही.

समोरून पिंपळची बाजू ओरडली. आधी एक म्हातारी, सुनंदाची मैत्रीण, मग तिच्या शेजारच्या बायका, मग सगळे.

"टाकी आटली!"

मी हाक दिलीच नव्हती. उत्तर आलं होतं.

गुडघे दुखतात, पण उठलो. टाचा जुळवल्या. समोर दहा पोरं होती, आणि डाव्या कडेला एक जागा मोकळी.

"पिंपळ वठला!" मी ओरडलो. दोघा भावंडांसाठी ओरडलो.