अण्णाच्या टॅक्सीची बॅटरी

हेब्बाळला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. थोरला भाऊ, आमचा अण्णा, टॅक्सी चालवायचा. तिच्यात अँप्लिफायर आणि मोठे स्पीकर मीच बसवले. त्यानंतर रोज सकाळी बॅटरी उतरलेली असायची.

"अण्णा, तू दिवे चालू ठेवून झोपतोस," मी म्हणालो. घरात त्याची थट्टा सुरू झाली. वहिनी विचारायची, "आज बायको तरी आठवते का?"

महिन्याभराने माझी चूक मलाच दिसली. अँप्लिफायर सुरू करणारी बारीक वायर मी किल्लीच्या लाइनऐवजी थेट बॅटरीला जोडली होती. गाडी बंद झाली तरी तो चालूच राहायचा. मी गुपचूप वायर बदलली आणि अण्णाला म्हणालो, "आता दिव्यांकडे लक्ष ठेव."

पण त्याचा स्वतःवरचा भरवसा गेला तो गेलाच. देवनहळ्ळीच्या रस्त्यावर प्रवासी असताना आपण काही विसरलो तर, या धास्तीने त्याने टॅक्सी विकली.

इतक्या वर्षांनी, गेल्या आठवड्यात मी त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे दिवे मी बंद करत होतो?"

"रोज, अण्णा."

"सरी, बरं," तो म्हणाला. "तुझी वहिनी होती तेव्हा सांगायचं होतंस."