कासमची लाल खूण

कासम यंत्रमागांसाठी सूत तयार करणाऱ्या साइजिंगमधला माणूस. सुताला खळ लावायची, ते बीमच्या रुळावर गुंडाळायचे आणि एक तागा संपून दुसरा कुठे सुरू होतो ते विणणाऱ्याला कळावे म्हणून सुतावर लाल खूण करायची, यातच त्याची उमर गेली. खिशात लाल खडू नाही असा त्याचा दिवस नसे. जुम्म्याच्या पांढऱ्या सदऱ्यालाही तो लागायचा आणि बायको बिल्किस त्यावरून त्याचा उद्धार करायची.

टेमघरला त्याच्या शेजारी दत्तोपंत मास्तर राहत. इतिहास शिकवून निवृत्त झालेले, नजर अधू, हट्ट मात्र शाबूत. दिघाशी गावाबाहेर नामा शेतकऱ्याच्या माळावर उभ्या दगडांचे रिंगण आहे आणि ते माणसाला लिहिणे-वाचणे येण्याच्या आधीचे आहे, असे ते वर्षानुवर्षे सांगत आले होते. मनापासून ऐकणारा कासम एकटा. लिहिणेच नव्हते तर मास्तरांना हे सांगितले कुणी, हा त्याचा साधा सवाल होता. त्यावर मास्तर इतके बोलत की सवालच हरवून जाई.

सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर कळले की नामा घर बांधतो आहे आणि जोत्यासाठी तेच दगड फोडणार आहे. मास्तरांच्या तोंडचे पाणी पळाले. पुण्याच्या एका संशोधकाला बोलवायचे तर तो आधी दगड किती ते विचारत होता, आणि मास्तरांना लांबून दगड नि म्हैस सारखीच दिसे. म्हणून कासमने त्यांना एसटीत बसवून दिघाशीला नेले.

मास्तर छत्री उघडून रिंगणाच्या मधोमध बसले आणि कासम मोजू लागला. जमेना. रिंगणाला ना सुरुवात ना शेवट. एकदा वीस भरले, एकदा एकवीस, मग मास्तरांनी मध्येच काही विचारले आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. डोके भणाणलेल्या कासमने शेवटी रोजचेच केले. एका दगडावर खडूने ठसठशीत लाल खूण ओढली आणि तिथून मोजत गेला. एकवीस भरले. मास्तर खुशीत घरी आले.

संशोधक काही येईना, म्हणून महिन्याभराने दोघे पुन्हा गेले. दगड जागच्या जागी होते. पण कासमच्या खुणेवर शेंदूर चढला होता, पुढे झेंडूची फुले आणि नारळाच्या करवंट्या होत्या. देव आपणहून प्रकटला, आता इथल्या दगडाला हात लावायचा नाही, असे नामा मास्तरांना हात जोडून सांगत होता. जोत्याला त्याने दुसरीकडून दगड आणले होते.

कासम पाच वक्त नमाज पढणारा माणूस, आणि त्याच्या हातून देव झाला. खरे सांगावे तर नामा उरल्या बांधकामासाठी उद्याच घण घालील आणि मास्तर हाय खातील. न सांगावे तर अल्लाला काय तोंड दाखवायचे? घरी बिल्किसने सांगितले की तू हिसाबाची निशाणी केलीस, पूजा नाही केलीस. ते त्याला पटले, आणि पुढची नमाज येईतो पटेनासे झाले. मौलवींना विचारायचे तर त्याला शरमच वाटे.

उन्हाळ्यात मास्तर गेले. संशोधक शेवटपर्यंत आला नाही. आता खरे बोलायला आपण मोकळे, असे कासमला वाटे. आणि दगड फुटले तर मास्तरांचे मागे राहिले काय, असेही वाटे. कोणते खरे ते ठरेना. एका सकाळी तो न ठरवताच दिघाशीची एसटी धरून गेला. नामा रिंगणातले वाळके गवत उपटत होता.

"नामा, ती लाल खूण माझी हाय," कासम म्हणाला. "मोजायला केलेली. देवबिव काय नाय त्यात. मला चैन पडत नाय, म्हणून सांगतो."

नामाने हातातले गवत खाली टाकले. कासमची नजर घण शोधत होती.

"आनि ह्ये धोंडं हितं उभं कोनी केलं?" नामाने विचारले.

"मास्तर म्हणायचे, माणसांनीच."

"मंग त्यांनी पन कसली तरी खूनच केली आसंल. तुमची कसली हुती?"

"इथून सुरुवात. एवढीच."

"मंग ऱ्हाऊ द्या," नामा म्हणाला आणि पुन्हा गवताला लागला.

पाप फिटले की वाढले, कासमला काही उमगेना. जायच्या आधी त्याने खुणेपासून पुन्हा मोजून पाहिले. एकही दगड हलला नव्हता, तरी वीसच भरले. "मास्तर, वीस," असे म्हणत तो रिंगणाच्या मधोमध, मास्तर छत्री उघडून बसले होते तिकडे वळला, आणि मग त्या रिकाम्या जागेसमोर उभाच राहिला.