सेकंड ए ची गव्हाण

त्या शाळेत मी शिकवायला लागले तेव्हा चाळिशी ओलांडली होती आणि नाताळाबद्दलचं माझं ज्ञान एवढंच होतं की बेकरीत प्लम केक येतो आणि काही घरांवर कागदी चांदणी लागते. आम्ही बेंगळूरचे जुने मराठी. बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत उगादी कळते, गौरी-गणपती कळतात, पण डिसेंबर म्हणजे थंडी, स्वेटर आणि अवरेकाळूच्या, म्हणजे वालाच्या शेंगा, बस्स.

त्याआधी मी बरीच वर्षं एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवत होते. तिथं दर आठवड्याला परीक्षा व्हायची आणि सोमवारी भिंतीवर रँक लागायची. मुलांपेक्षा मीच त्या कागदापुढं जास्त वेळ उभी असायची. शेवटी डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर बघून ती नोकरी सोडायला लावली. मग नन्सच्या या प्राथमिक शाळेत दुसरीचा वर्ग मिळाला. नवरा म्हणाला, "आता स्वल्प शांत होशील." मलाही तसंच वाटत होतं.

डिसेंबर जवळ आला तशी एका सकाळी असेंब्लीत हेडमिस्ट्रेस सिस्टरांनी हिरव्या पानांचं एक गोल कडं टेबलावर ठेवलं. त्यात चार मेणबत्त्या होत्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. नाताळाआधीचे चार आठवडे म्हणजे ॲडव्हेंट, वाट बघण्याचा काळ, दर आठवड्याला एक मेणबत्ती लावायची, असं त्यांनी मुलांना सांगितलं. मी मागं उभी राहून विचार केला, जांभळ्या संपल्या असणार, म्हणून एक गुलाबी घेऊन वेळ भागवली. दुसऱ्या दिवशी मी गांधी बाजारातून शोधून एक जांभळी मेणबत्ती घेऊन गेले. सिस्टरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, "थँक्यू, टीचर," म्हणाल्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. गुलाबी मेणबत्ती मुद्दाम असते, तिसऱ्या आठवड्याच्या आनंदाची असते, हे मला माझ्याच वर्गातल्या एका मुलानं समजावलं.

त्याच असेंब्लीत प्रत्येक वर्गाला वेताची एक छोटी गव्हाण मिळाली. गव्हाण रिकामी होती. सोबत भाताच्या पेंढ्याची एक पेंढी.

"येशूबाळ यायचंय," सिस्टर म्हणाल्या. "त्याला अंथरूण मऊ हवं. तुम्ही कुणासाठी काही चांगलं केलंत की एक काडी गव्हाणीत ठेवायची. गुपचूप. कुणाला सांगायचं नाही."

ती शेवटची दोन वाक्यं मी ऐकलीच नाहीत असं नंतर बरेच दिवस सांगत होते. खरं म्हणजे ऐकली होती. महत्त्वाची वाटली नाहीत.

आमच्या समोरचा वर्ग सेकंड बी. त्याच्या टीचर मंगळूरकडच्या, माझ्यापेक्षा वयानं मोठ्या आणि या शाळेत मुरलेल्या. त्या कोंकणीत बोलत, मी मराठीत, आणि आमचं छान जमायचं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गावरून जाताना मी सहज आत डोकावले. त्यांच्या गव्हाणीत काड्या होत्या. आमच्या गव्हाणीत एकही नव्हती. मला छातीत ते ओळखीचं काहीतरी जाणवलं, कोचिंग क्लासच्या सोमवारसारखं.

मी वर्गात आले आणि विचारलं, "आज कुणी कुणी चांगलं काम केलं? हात वर!"

पहिल्या बाकावरच्या एका मुलीचा हात वर गेला. दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले, आणि कुठल्याही प्रश्नाला हात वर करायची सवय. उत्तर येवो न येवो.

"मिस, मी आईला पाणी दिलं."

"शाब्बास! टाळ्या!"

टाळ्या झाल्या, काडी पडली. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांनी आपापल्या आयांना पाणी पाजलं होतं. मी जरा गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "पाणी झालं आता. उद्या काहीतरी नवीन हं."

त्या एका वाक्यानं शाळेची घडी विस्कटली. डब्याच्या सुट्टीत एका बारक्या मुलाचा डबा तिघांनी मिळून उघडून दिला आणि दहीभात त्याच्या स्वेटरवर गेला. दोघांनी सेकंड बी चा फळा पुसून स्वच्छ केला, त्या वर्गाची गणितं अजून उतरवून व्हायची होती. एका मुलीच्या बुटाची नाडी बांधायला इतकी मुलं वाकली की ती मध्ये अडकून रडायला लागली. मी सगळ्यांना काड्या दिल्या. रडणाऱ्या मुलीलाही दिली, सहन केल्याबद्दल.

एक दिवस शाळेची आयम्मा माझ्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मिस, माझी केरसुणी कुठं लपवली विचारा ह्यांना. मला झाडू देत नाहीत. मदत करू नका म्हणून सांगा की ह्यांना!"

मी मुलांना रागावले नाही. आमची गव्हाण काठोकाठ भरत आली होती. सेकंड बी ची अजून तळाशीच होती, आणि मला त्या टीचरांची चक्क कीव येत होती. स्टाफरूममध्ये मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"तुम्ही रोज हात वर करायला सांगा, टीचर. मुलांना जोर येतो."

"सरी, सरी, बरं," त्या वह्या तपासत म्हणाल्या. मान काही वर केली नाही. मला वाटलं, बिचाऱ्यांना कमीपणा वाटला असेल.

मग एका सकाळी ऑफिसातून बोलावणं आलं. सिस्टरांसमोरच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. अंगावर शाल, कानटोपी, मांडीवर छत्री. तोंड आत गेलेलं, हनुवटी वर आलेली. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीचे ते ताता, म्हणजे आजोबा.

"टीचर," सिस्टर म्हणाल्या, "ह्यांच्या नातीनं ह्यांची कवळी धुतली."

"अरे वा!" मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. वर्गात तिनं हात वर करून ते सांगितलं तेव्हाही मी असंच म्हणून काडी दिली होती.

"ती मोरीतून खाली गेली."

मग सिस्टरांनी सगळं सांगितलं. नात सगळ्यांच्या आधी उठली होती. बाथरूममधल्या वाटीतून कवळी काढून तिनं ब्रश आणि पेस्ट घेऊन खसाखसा घासली. मोरीची जाळी उघडी होती. प्लंबर आला, पाइप उघडला, एक चमचा निघाला, एक खेळण्यातली गाडी निघाली, कवळी काही निघाली नाही. काहीतरी नवीन करून या असं मिसनं सांगितलं होतं, असं नातीनं रडत रडत घरात सांगितलं होतं.

सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी इंग्रजीत बोलायला लागले. अडचणीत आले की मी इंग्रजीत बोलते. मोटिव्हेशन, पार्टिसिपेशन, असले शब्द कोचिंग क्लासमधून मी भरपूर आणले होते. सिस्टर मला बोलू देत होत्या, आणि जसजशी मी बोलत होते तसतसं ते सगळं मलाच फार वाईट ऐकू येत होतं.

ताता मध्येच म्हणाले, "आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं.

"मग आमच्यातल्याच की तुम्ही!" त्यांनी छत्री बाजूला ठेवली आणि खुर्ची माझ्याकडं वळवली. पुढचं सगळं मराठीत झालं, दातांशिवायच्या मराठीत, त्यामुळं मला पुढं वाकून ऐकावं लागलं. "अहो, हा अवरेकाळूचा सीझन. वर्षभर वाट बघतो मी. घरात उसळ होते, उप्पिट्टू होतं, आणि मी वास घेत बसतो."

"नवीन कवळी..."

"माप दिलंय. होईल. मी तक्रार करायला आलो नाही, ताई. पोरगी शाळेत काही बोलते का, ते विचारायला आलो. घरात तोंड उघडत नाही. संध्याकाळी माझं ताट घेऊन बसते. पोळी दुधात कुस्करते, भात कुस्करते. अवरेकाळूचा एकेक दाणा सोलून बोटानं चेपते. तासभर चालतं. आई म्हणाली मिक्सरमधून काढते, तर नको म्हणाली. काल केळंसुद्धा कुस्करलं. केळं मला खाता येतं हो! पण सांगायचं कसं?" त्यांनी शाल सारखी केली. "आणि म्हणते, ताता, मिसला सांगू नका."

"काय म्हणतात?" सिस्टरांनी विचारलं. त्या केरळच्या, मराठीचा एक शब्द कळत नव्हता.

भाषांतर माझ्यावरच आलं. मी अवरेकाळू सांगितलं, पोळी सांगितली, केळं सांगितलं. केळ्याला सिस्टरांना इतकं हसू आलं की त्यांनी चष्मा काढला. मग शेवटचं वाक्य राहिलं. ते मला पटकन सांगता आलं नाही. मी दोनदा सुरुवात केली आणि एकदाचं सांगून टाकलं. सिस्टरांनी चष्मा पुसला, पण लगेच घातला नाही.

ताता गेल्यावर मी ओरडा खायच्या तयारीत उभी राहिले. त्या एवढंच म्हणाल्या, "टीचर, मी अंथरूण म्हटलं होतं. तुमच्या वर्गात गंजी उभी राहिली आहे. उद्यापासून हात वर नको."

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं की आता काही विचारणार नाही. काडी ठेवायची ती आपली आपण.

"मग तुम्हाला कळणार कसं, मिस?" एकानं विचारलं.

"नाही कळणार."

"आणि टाळ्या?"

"टाळ्या नाहीत."

नंतरचे काही दिवस गव्हाणीकडं कुणी फिरकलं नाही. मुलं लवकरच ती विसरून खेळायला लागली. हाल झाले ते माझे. मला राहून राहून वाटायचं, कुणीतरी काहीतरी करत असेल आणि ते मला कळत नाहीये. वर्ग पीटीला गेला की मी पेंढ्याकडं बघून काही हललंय का याचा अंदाज घ्यायची. एकदा दाराच्या फटीतून आत बघत होते तर मागून आवाज आला.

"कोणाला शोधता, टीचर?" सेकंड बी च्या टीचर होत्या.

"खडू," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातल्या खडूकडं पाहिलं आणि पुढं निघून गेल्या.

त्याच आठवड्यात मला एकदा खरंच काहीतरी दिसलं. सुट्टीची घंटा झाली होती, मुलं बाहेर पळाली होती, मी कपाटात वह्या ठेवत होते. ती दोन वेण्यांची मुलगी मागं राहिली. गव्हाणीपाशी गेली, तिनं एक काडी उचलली, आणि परत कोपऱ्यातल्या पेंढीत खोचून ठेवली. काडी टाकायच्या ऐवजी काढून घेतली. मला कळलं ती कुठली काडी होती. कवळी धुतल्याबद्दल त्या सकाळी मीच तिला टाळ्या वाजवून दिली होती, मोरीचं काही माहीत नसताना. तिला थांबवावं, तुझ्या तातांनी मला सगळं सांगितलंय म्हणावं, एकाच्या जागी मूठभर काड्या ठेव म्हणावं, असं फार वाटलं. पण मग तातांनी मला सांगितल्याचं तिला कळलं असतं. मी कपाटात तोंड घालून वह्या पुन्हा पुन्हा सरळ करत राहिले.

सुट्टी लागायच्या दिवशी पटांगणात मोठा गोठा उभा केला होता. गवताचं छप्पर, मातीची मेंढरं, मारिया, योसेफ, आणि मध्ये एक मोठी लाकडी गव्हाण. सगळे वर्ग आपापल्या गव्हाणी घेऊन रांगेत उभे राहिले. सगळ्यांत भरलेली आमची. मी मान ताठ करून उभी होते, तेवढ्यात रांगेतल्या पहिल्या वर्गानं आपला सगळा पेंढा मोठ्या गव्हाणीत ओतला. मग त्यामागच्या वर्गानं.

"सगळ्यांचा एकत्रच करतात?" मी शेजारच्या टीचरांना विचारलं.

"दर वर्षी. पहिल्या दिवशी सांगितलं होतं की सिस्टरांनी."

"मग कुठल्या वर्गाचा किती..."

"बाळ एकच ना हो, टीचर," त्या म्हणाल्या.

आमचा वर्ग आला तेव्हा पेंढा मावेना. बाळाची मूर्ती त्यावर ठेवून बघितली तर ती घसरून मेंढरात जाऊन पडली. सिस्टरांनी बाह्या सारून वरचा जास्तीचा पेंढा काढला आणि आयम्मा तो कवेत घेऊन फाटकाबाहेर गेली. बाहेर नेहमीची गाय उभी होती. सेकंड ए ची बरीचशी सत्कृत्यं तिनं माझ्या डोळ्यांदेखत खाल्ली.

मग बाळ नीट निजलं. चौथी मेणबत्ती लागली, मुलं गायली, प्रत्येक जण वेगळ्या सुरात. मला शब्द येत नव्हते, म्हणून मी हात जोडून उभी राहिले.

गर्दी पांगताना फाटकाशी ताता भेटले. तोंड भरलेलं दिसत होतं, हसले तर सगळी बत्तिशी पांढरीशुभ्र.

"आली वाटतं कवळी!" मी म्हणाले. "आता अवरेकाळू?"

"श्श." त्यांनी मागं वळून बघितलं. नात मैत्रिणींना टाटा करण्यात गुंग होती. "आठवडा झाला येऊन. संध्याकाळी काढून खिशात ठेवतो. अजून कुस्करते ती, तासभर बसते. आता चांगली बोलतेही, शाळेतलं सगळं सांगते. मी म्हटलं, सुट्टीपर्यंत चालू दे."

तेवढ्यात नात धावत आली आणि ताता तोंड मिटून, हात हलवून चालायला लागले.